मासानोरी मुराकामी : दोन हंगाम आणि तीस वर्षं बंद राहिलेलं दार

जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानीच्या काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, जपानी खेळाडू दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. तिथे खेळलेला पहिला जपानी मात्र जेमतेम दोन हंगाम टिकला. त्याचा हात कमी पडला म्हणून नव्हे, तर त्याच्यावर हक्क कोणाचा, यावरून दोन क्लबांत जुंपली म्हणून.

मासानोरी मुराकामी हा यामानाशी प्रांतातला डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. ओसाकाच्या नानकाई हॉक्स क्लबने १९६४ मध्ये त्याला आणखी दोन तरुणांसोबत मेजर लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स क्लबकडे शिकायला पाठवलं. मुक्काम होता कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या खालच्या दर्जाच्या संघात. तिथे त्याने ११ सामने जिंकून दिले आणि जायंट्सनी त्याला थेट वर बोलावलं. १ सप्टेंबर १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, वीस वर्षांचा हा मुलगा तिथल्याच मेट्स संघाविरुद्ध उतरला. पहिलाच फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद! त्या महिन्यात १५ इनिंग्जमध्ये (बेसबॉलचा एक सामना नऊ इनिंग्जचा असतो) त्याने १५ जणांना असं बाद केलं. कॅलिफोर्नियातल्या ज्या जपानी कुटुंबांना वीस वर्षांपूर्वी युद्धकाळात छावण्यांत डांबलं होतं, त्यांच्यासाठी हा मुलगा निव्वळ खेळाडू नव्हता.

खरा पेच इथून पुढे सुरू झाला. खेळाडू मेजर लीगपर्यंत पोचला तर जायंट्सना १०,००० डॉलर देऊन त्याला कायमचं घेता येईल, असं कलम करारात होतं. तशी वेळ येईल असं नानकाईला बहुधा वाटलंच नसावं. जायंट्सनी पैसे दिले, मुराकामीने १९६५ साठी सही केली आणि हिवाळ्यात तो घरी गेला. तिथे नानकाईनेही त्याची सही घेतली. अमेरिकेला धाडण्याचा शब्द पाळणारे नानकाईचे व्यवस्थापक त्सुरुओका यांचे उपकार एकीकडे, अमेरिकेतला करार दुसरीकडे. एवढ्या कोवळ्या वयात या ओढाताणीत त्याला टाकणं मला अन्यायाचं वाटतं. मेजर लीगचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी जपानशी बेसबॉलचे संबंधच थांबवले. शेवटी तोडगा निघाला : १९६५ चा हंगाम जायंट्सकडे, मग तो मोकळा.

त्या हंगामात तो मे महिन्यात पोचला आणि तरीही ४५ सामने खेळला. दोन्ही हंगामांचा एकूण हिशेब ५४ सामने, ५ विजय, १ पराभव, १०० स्ट्राइकआउट. मग तो परतला. जपानमध्ये १९८२ पर्यंत खेळून त्याने शंभरावर विजय मिळवले. १९८३ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो पुन्हा जायंट्सच्या सराव शिबिरात गेला, पण निवड झाली नाही.

दरम्यान १९६७ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे खेळाडू न पळवण्याचा करार केला आणि दार बंद झालं. ते उघडलं जपानी पिचर हिदेओ नोमोने. आपल्या जपानी क्लबच्या बंधनातून सुटण्यासाठी जपानमध्ये कागदोपत्री निवृत्ती घेऊन तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. २ मे १९९५ रोजी त्याने पहिला सामना खेळला तो सॅन फ्रान्सिस्कोत, जायंट्सविरुद्ध, मुराकामीच्याच कँडलस्टिक पार्कवर.