दहा फुटांची तुटक रेषा : पुण्यातल्या सामासिक अंतराची पार्श्वभूमी

सहकारनगरच्या आमच्या घराचा मंजूर नकाशा लोखंडी ट्रंकेत जपून ठेवलेला आहे. निळा कागद, त्यावर पांढऱ्या रेषा, आणि घड्यांच्या जागी कागद विरत चाललेला. प्लॉटची हद्द जाड रेषेने काढलेली, घराच्या भिंती त्याहून जाड, आणि दोन्हींच्या मध्ये एक तुटक रेषा. तिच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय : बाजूला १० फूट, रस्त्याकडे १५ फूट. या रेषेच्या बाहेर भिंत उभी करायची नाही, एवढंच तिचं म्हणणं. आजोबांनी त्या दहा फुटांत पारिजातक लावला, मागे आंबा लावला.

गेल्या वर्षी शेजारच्या बंगल्याचा पुनर्विकास ठरला आणि त्या इमारतीचा नकाशा हातात आला. त्यातही तशीच तुटक रेषा होती, फक्त आकडा निराळा. एकाच गल्लीत, लागून असलेल्या दोन प्लॉटना दोन वेगळी अंतरं कशी, हा प्रश्न तिथून सुरू झाला. उत्तर शोधताना मागे मागे जावं लागलं, थेट पेठांपर्यंत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. प्लॉटच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळी सोडायची जागा म्हणजे महापालिकेच्या कागदांतलं ‘सामासिक अंतर’. आर्किटेक्ट आणि बिल्डर तिला ‘मार्जिन’ म्हणतात : पुढची ती फ्रंट, बाजूची ती साइड, मागची ती रिअर. ‘सेटबॅक’ हा शब्द मात्र पुण्यात बहुतेक वेळा रस्तारुंदीत गेलेल्या जागेसाठी वापरला जातो. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पण पुढे त्यांची गाठ पडते.

पेठांमध्ये सामासिक अंतर नव्हतंच. कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण, कुठेही जुना वाडा बघा, त्याची भिंत शेजारच्या वाड्याला टेकलेली. पुष्कळ ठिकाणी भिंतच सामाईक. दरवाजा रस्त्यावर, ओटा रस्त्यावर, आणि मोकळी जागा घराच्या पोटात : चौक. उजेड तिथून, वारा तिथून, पावसाचं पाणीही तिथेच. वाड्याने मोकळीक बाहेर न ठेवता आत ठेवली होती आणि एका कुटुंबाच्या वाड्याला ती पुरत होती. पुढे त्याच वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं आली, चौकात मोऱ्या आणि पत्र्याचे आडोसे आले, आणि तो श्वास कोंडला.

अनेक वाड्यांच्या मागे एक अरुंद बोळ असे, त्याचाही उल्लेख करायला हवा. टोपलीचे संडास साफ करणाऱ्यांनी पुढच्या दाराने यायचं नाही, म्हणून ती वाट. दोन घरांमध्ये मुद्दाम सोडलेल्या जागेचा आपल्याकडचा हा एक जुना नमुना आहे आणि तो जातीच्या हिशेबाने आखलेला होता. ‘पूर्वी किती मोकळं होतं’ असं म्हणताना हा बोळ विसरून चालत नाही.

शेजाऱ्यांची भांडणं तेव्हाही होतीच. कौलारू छपराची पागोळी कोणाच्या हद्दीत पडते आणि खिडकीसमोर कोणी भिंत घातली, ही त्यांतली नेहमीची दोन. १८८२चा सुविधाधिकाराचा कायदा १८९१मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. एखाद्या खिडकीतून वीस वर्षं विनाखंड, हक्काने उजेड आणि वारा येत असेल, तर तो अडवता येत नाही, असं त्यात आहे. म्हणजे हवा-उजेडाचा हक्क होता, पण तो दोन शेजाऱ्यांमधला खासगी मामला होता. गावाने सगळ्यांसाठी आखलेला नियम अजून यायचा होता.

तो यायला प्लेग कारणीभूत ठरला. १८९७च्या सुरुवातीला पुण्यात साथ पसरली. त्या वर्षीची घरझडती, रँडचा अंमल, २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या, हे सगळं आपण शाळेत शिकतो. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, गावाबाहेरच्या मोकळ्यावर, त्या आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव रुग्णांची शुश्रूषा करत होते. साथ आली की गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचं, हे पुढची कित्येक वर्षं पुणेकरांच्या अंगवळणी पडलं. दाट वस्तीत मरण आणि मोकळ्यावर जगण्याची आशा, ही गोष्ट कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँगला सापडला होता आणि तो उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हे १८९८मध्ये मांडलं गेलं. तरी सरकारी कागदांत आणि लोकांच्या मनांत दोष बराच काळ कोंदट हवेचा आणि अंधाऱ्या खोल्यांचाच राहिला. कारण अर्धवट बरोबर होतं, पण त्यातून निघालेला उपाय टिकाऊ निघाला. मुंबईत १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि १९१५मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा. शेतजमिनीचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, त्यांतून रस्ते काढायचे आणि मालकांना नीट आकाराचे प्लॉट परत द्यायचे, ही त्या कायद्याची रीत. लकडी पुलापलीकडचं भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर, आणि एरंडवणे, हे भाग याच रीतीने आखले गेले. तिकडच्या जुन्या पत्त्यांमध्ये आजही ‘फायनल प्लॉट नंबर’ लिहिलेला असतो, तो त्याच योजनांचा ठसा.

१९२०च्या दशकात डेक्कन जिमखान्याची वसाहत उभी राहू लागली, पुढे प्रभात रस्ता आणि मॉडेल कॉलनी. पेठेतल्या वाड्यातून निघालेला वकील, प्राध्यापक, पेन्शनर तिकडे घर बांधू लागला. त्याच्यासमोर नमुना होता कॅम्पातल्या बंगल्याचा : मोठं कंपाउंड, मधोमध घर, चारी बाजूंनी झाडं. लष्करी साहेबाचं ते कंपाउंड मध्यमवर्गीय मापात कापलं गेलं. प्लॉटच्या साधारण एक-तृतीयांश भागावरच बांधायचं, रस्त्यापासून आणि शेजाऱ्यांपासून ठरावीक फूट मागे सरायचं, अशा अटी अशा वसाहतींत रुळल्या. चौक वाड्याच्या पोटातून निघून घराभोवती पसरला. त्याला आपण बाग म्हणू लागलो, अंगण म्हणू लागलो, तुळशीवृंदावन तिथे नेऊन ठेवलं. कागदावर तिचं नाव सामासिक अंतर आहे हे राहणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली हजारो घरं गेली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती आल्या, आणि पर्वतीच्या पायथ्याला सहकारी सोसायट्यांचं सहकारनगर. आजोबा नारायण पेठेतल्या दोन खोल्यांतून इथे आले. सोसायटीच्या प्लॉटवर घर बांधताना त्यांना पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं, की भिंत शेजाऱ्याला टेकवायची नाही. जागा आपली, पैसे आपण भरलेले, मग दहा फूट सोडायचे कोणासाठी, असं ते विचारत राहिले, ही आजीने सांगितलेली आठवण. मला वाटतं या सगळ्या नियमाचा गाभा त्या प्रश्नात आहे. ती जागा मालकाच्या नावावर असते, पण सोडलेली असते शेजाऱ्याच्या खिडकीसाठी. शेजाऱ्यानेही तेवढीच सोडली, की दोन घरांमध्ये वीस फूट उजेड पडतो. एकाने मोडलं तर दुसऱ्याचं अर्धं जातं.

महापालिका १९५०मध्ये झाली होती. १९६६मध्ये शहराचा पहिला विकास आराखडा मंजूर झाला आणि त्याच साली राज्याचा प्रादेशिक व नगररचना कायदा आला. सोसायट्यांच्या आणि योजनांच्या अटींच्या जागी आता शहरभर एक नियमावली लागू होणार होती. फुटांचे मीटर झाले. नियमावल्यांमध्ये आजही दीड, तीन, साडेचार, सहा मीटर असे आकडे भेटतात. ते पाच, दहा, पंधरा, वीस फुटांना इतके चिकटून आहेत, की जुनी फूटपट्टी लगेच ओळखू येते. पेठा आणि गावठाणं यांना ‘दाट वस्ती’ म्हणून वेगळी वागणूक मिळाली, कारण तिथे बंगल्याचे नियम लावले असते तर एकही वाडा पुन्हा बांधता आला नसता.

पेठांवर वेगळाच दट्ट्या आला, तो रस्तारुंदीचा. महापालिका कायद्याच्या २१०व्या कलमाखाली रस्त्याची नियमित रेषा आखता येते आणि जुनं घर पाडून नवं बांधताना त्या रेषेच्या मागे सरावं लागतं. सदाशिव किंवा शनिवार पेठेतल्या एखाद्या रस्त्याच्या टोकाला उभं राहून बघा : नवी इमारत आत, जुना वाडा पुढे, पुन्हा नवी इमारत आत. करवतीच्या दात्यांसारखी ओळ दिसते. कितीतरी रस्त्यांवर हे दाते अनेक वर्षं तसेच आहेत, आणि आत सरकलेल्या इमारतीसमोरचा तेवढाच तुकडा दुचाक्यांच्या पार्किंगला जातो.

बंगल्यांच्या भागात बदल हळू आला. १९७६च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने पुण्यात एकाच्या मालकीच्या मोकळ्या जमिनीवर १,००० चौरस मीटरची मर्यादा घातली. राज्याने तो २००७मध्ये सोडला. फ्लॅटची मालकी १९६३ आणि १९७०च्या कायद्यांनी सोपी केलीच होती. १९८७मध्ये विकास आराखडा सुधारून मंजूर झाला आणि नव्वदच्या दशकात टीडीआर आला. आरक्षणात गेलेल्या जमिनीचा बांधकामहक्क दुसऱ्या प्लॉटवर चढवायचा, ही त्यातली मूळ गोष्ट. तो चढवायला जागा लागते आणि जागा होती बंगल्यांच्या डोक्यावर. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधला एकेक बंगला जाऊन त्या जागी खांबांवर उभी इमारत आली. घराभोवतीची जागा आता चाळीस माणसांची झाली. बागेत पाणी घालणारा हात राहिला नाही आणि गाड्या लावायला मात्र जागा हवी होती.

इथे नियमाचं गणितच पालटलं. बंगल्याच्या काळात अंतर प्लॉटच्या आकारावर आणि समोरच्या रस्त्यावर ठरायचं. इमारत उंच झाली तशी ती सावली लांब टाकू लागली आणि अग्निशमन दलाच्या बंबाला फिरायलाही जागा हवी झाली. म्हणून बाजूचं अंतर उंचीला बांधलं गेलं. २०१७मध्ये महापालिकेच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा आणि नियमावली मंजूर झाली. ३ डिसेंबर २०२०पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच एकत्रित नियमावली लागू झाली. तिच्यात ठरावीक उंचीवरच्या इमारतींना बाजूचं अंतर उंचीच्या एक-पंचमांश ठेवलं आहे. त्याच नियमावलीत दाट वस्तीबाहेर मूळ चटई निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१ आहे, आणि निवासी बांधकामाला त्यावर शुल्क भरून ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं. बांधायला मिळणारं क्षेत्र वाढलं की उंची वाढते, आणि उंची वाढली की कागदावर मार्जिनही वाढतं. बघणाऱ्याला हा हिशेब न्याय्य वाटतो, आणि उजेडाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी आहेही.

त्याच २०२०मध्ये रस्तारुंदी आणि मार्जिन यांची गाठ पडली. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नव्हता. तेव्हा स्थायी समितीने सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते २१०व्या कलमाखाली नऊ मीटर करण्याचा ठराव केला आणि त्यावरून शहरात मोठा वाद झाला. सहाचे नऊ म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर. हा दीड मीटर येतो पुढच्या अंगणातून : कुंपणाची भिंत, जास्वंद, फाटकापाशी पिढ्यान्‌पिढ्या बसायचा कट्टा. समर्थकांचा मुद्दा मला समजतो. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर रुग्णवाहिका अडते, हे मी आमच्या गल्लीत पाहिलं आहे. पण रुंद झालेल्या रस्त्यावर पुन्हा गाड्याच लागणार असतील, तर अंगणही गेलं आणि वाटही मिळाली नाही.

मार्जिनमध्ये काय चालतं, हेही बघायला हवं. पंपाची खोली, पहारेकऱ्याची केबिन, विजेचे मीटर, जमिनीखालची पाण्याची टाकी, हे सगळं नियमांतच बसवलेलं आहे, आणि एकेक बघितलं तर प्रत्येक गोष्ट गरजेची आहे. शिवाय जे बसत नाही तेही होतं. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्त्यावर फ्रंट आणि साइड मार्जिनमधल्या पत्र्याच्या शेडवर महापालिकेची कारवाई होत असते, आणि काही महिन्यांत शेड परत उभ्या राहतात.

आमच्या शेजारची नवी इमारत २१ मीटर उंच होणार आहे. एक-पंचमांश म्हणजे ४.२ मीटर, जवळजवळ १४ फूट. आजोबांच्या दहा फुटांपेक्षा चार फूट जास्त. नकाशात त्या पट्ट्यावर ‘ड्राइव्ह-वे’ असं लिहिलं आहे आणि चौकटी-चौकटींनी पेव्हर ब्लॉक दाखवले आहेत. एका टोकाला टाकीचं झाकण, दुसऱ्या टोकाला ट्रान्सफॉर्मर. त्या बाजूच्या हद्दीवर जुन्या बंगल्याची दोन नारळाची झाडं होती. नव्या नकाशात झाडं कुंपणालगत एका ओळीत, छोट्या छोट्या गोलांनी दाखवली आहेत. भिंत आणि ड्राइव्ह-वे यांच्या मध्ये त्यांच्यासाठी उरलेली माती मी पट्टीने मोजली. नकाशाच्या प्रमाणात ती दोन फूट भरली.