आवाज अडवणं आणि आवाज जिरवणं

कोल्हापुरात संगीत प्रसारणाचं केंद्र बांधायचं म्हटलं, की नकाशा कागदावर असतानाच कुणीतरी विचारतं, "साउंडप्रूफला फोम किती लागेल?" घोळ इथूनच सुरू होतो. फोम आवाज जिरवतो, अडवत नाही.

अडवण्याचं काम वजन करतं. दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत साधारण ५० डेसिबल अडवते. वजन दुप्पट केलं तरी वाढ होते जेमतेम ६ डेसिबलची. म्हणून खोलीत खोली बांधतात: आतली जमीन रबरी पॅडवर तरंगती, आतल्या भिंती आणि छत बाहेरच्यांना कुठंही न टेकणारे. मधल्या पोकळीत सांडलेला सिमेंटच्या मालाचा एखादा गोळा दोन्ही भिंतींना धरून बसला, तर गणपतीतल्या ढोलाची धमक तेवढ्या वाटेनंही आत येते. जुलैतल्या पावसाचा विचार करता वर पत्रा नकोच, स्लॅबच हवा.

फटी तर याहून वाईट. ५० डेसिबल अडवणाऱ्या १ मीटर रुंद दाराखाली १ सेंमी फट राहिली, तर हाती उरतात २३ च्या आसपास. स्विचबोर्डांचे खोके भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवले तरी तेच. ते सरकवून बसवायचे.

जिरवणं हा खोलीच्या आतला प्रश्न. ८ × ६ × ४ मीटरचा स्टुडिओ नुसत्या गिलाव्याचा ठेवला, तर आवाज सुमारे ५ सेकंद घुमत राहतो. गायक अल्लादियाखाँच्या घराण्याची वळणावळणाची तान तिथं गायली, तर तिचा चिखल होईल. घुमणं ०.६ सेकंदावर आणायचं तर सॅबाइनच्या सूत्रानं (०.१६१ × घनफळ ÷ वेळ) सुमारे ५१ चौ.मी. पूर्ण शोषण (पडेल तो सगळा आवाज गिळणारा पृष्ठभाग) लागतं, म्हणजे खोलीच्या एकूण पृष्ठभागाच्या पावपट.

आता नेहमीची चूक: सगळीकडे २५ मिमी फोम. तो वरचे सूर खातो, खालच्यांना हातही लावत नाही, कारण १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटर लांब असते. मग तंबोऱ्याची जवारी (तारांची झणकार) मरते आणि डग्ग्याचा घुमारा तेवढा उरतो. त्यापेक्षा कमी जागेत १०० मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), मागे तेवढीच पोकळी, आणि कोपरे आधी.

पैसे कमी असतील तर जिरवण्यात काटकसर करा. आवाज जिरवणारी पॅनेल पुढच्या वर्षीही बसवता येतील. तरंगती जमीन मात्र मागाहून घालता येत नाही: तिच्यासाठी स्लॅब १५ सेंमी खाली उतरवावा लागतो, आणि आतल्या खोलीचा भार आरसीसी डिझायनरला (इमारतीच्या सांगाड्याचा हिशेब करणाऱ्याला) पायाच्या आधी कळवावा लागतो.