बूडच शेगडी होतं तेव्हा

आमच्याकडे आजीचं पितळेचं एक पातेलं आहे. कल्हई केलेलं, जाड, भरलेलं असलं तर दोन हातांनीच उचलावं लागतं. मध्यंतरी गॅसची जोडणी नसलेल्या भाड्याच्या घरात राहायला गेलो आणि इंडक्शन शेगडी आणली. पहिल्या दिवशी दूध तापवायला तेच पातेलं ठेवलं. शेगडी टीं-टीं करत राहिली, आकडे लुकलुकले आणि ती बंद पडली. मग स्टीलचं एक पातळ पातेलं ठेवलं. ते चाललं, पण दूध खाली लागलं, आणि लागलं तेही चमत्कारिक आकारात. तळाचा मध्य स्वच्छ, कड स्वच्छ आणि दोन्हींच्या मधोमध करपलेल्या दुधाचं गोल कडं.

एक पातेलं तापलंच नाही, दुसरं नको तिथे तापलं. या दोन्हींची कारणं कळली, की इंडक्शनसाठी पातेलं कसं निवडायचं हेही कळतं. आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्यांचा डबा डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र विषय आहे तो मूळ अर्थाच्या कॅसरोलचा: दोन कानांचं, घट्ट झाकणाचं, जाड बुडाचं पातेलं, ज्यात मटणाचा रस्सा तासभर मंद रटरटावा आणि तळाला लागू नये.

इंडक्शनच्या काचेखाली ज्योत नसते आणि लालबुंद तारही नसते. तांब्याच्या तारेचं एक सपाट वेटोळं असतं. घरात येणाऱ्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. शेगडीतली यंत्रणा ती वीस-तीस हजारांवर नेते आणि हा प्रवाह वेटोळ्यात सोडते. त्याच वेगाने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र काचेच्या वर तयार होतं. काचेला त्याचं काही वाटत नाही, आपल्या बोटालाही नाही. धातूला मात्र वाटतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८३१ साली दाखवलं. पुढे १८५५ मध्ये लिऑन फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली. ती फिरवायला जोर लावावा लागत होता आणि तबकडी तापत होती. तिच्या अंगात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे विजेचे गोल प्रवाह उठत होते. त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. पातेल्याच्या बुडात हेच घडतं. म्हणजे इंडक्शनवर उष्णता तयार होते ती पातेल्यातच. काच गरम होते, ती पातेल्याच्या संगतीने. आपण पातेलं विकत घेतो तेव्हा अर्धी शेगडी विकत घेत असतो.

आता एक खटकणारी गोष्ट. फुकोची तबकडी तांब्याची होती आणि तरी तापली. मग तांब्या-पितळेची भांडी इंडक्शनवर का चालत नाहीत? पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून घडवलेलं मठाराचं सुंदर भांडं या शेगडीवर निरुपयोगी का ठरतं?

याचं उत्तर काचेखालच्या वेटोळ्यात आहे, कारण तेही तांब्याचंच आहे. विजेची ऊर्जा कुठे उष्णता होऊन बाहेर पडणार, हे कुठे किती रोध, म्हणजे प्रवाहाला अडथळा, आहे यावर ठरतं. पातेल्याचा रोध वेटोळ्यापेक्षा भरपूर जास्त असेल, तर जवळपास सगळी उष्णता पातेल्यात निघते. दोन्हींचा रोध जवळपास सारखा असेल, तर वेटोळंही तितकंच तापू लागतं, आणि ते जळू नये म्हणून यंत्रणा स्वतःला बंद करते. आजीच्या पातेल्यावर शेगडी रुसली ती अशी.

लोखंडाची गोष्ट वेगळी. इतक्या वेगाने उलटणारा प्रवाह धातूच्या आतपर्यंत शिरत नाही, पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहतो. सेकंदाला २४ हजार आवर्तनं धरली, तर तांब्यात या थराची जाडी ०.४ मिलिमीटरच्या आसपास येते. साध्या पोलादात ती ०.१ मिलिमीटरच्या आसपास, कारण पोलाद चुंबकीय आहे आणि चुंबकीय धातू हा प्रवाह आणखी दाबून धरतो. रुंद रस्त्यावरची गर्दी अरुंद बोळात लोटावी तसं होतं. त्यात पोलाद मुळातच तांब्याहून कमी वाहक. दोन्ही मिळून प्रवाहाला होणारा अडथळा तांब्याच्या पन्नास पटींच्या घरात जातो. अडथळा जितका मोठा, तितकी उष्णता पातेल्यात.

म्हणून लोहचुंबकाची चाचणी. फ्रिजवर चिकटवायचं चुंबक घेऊन दुकानात जावं आणि बुडाला लावून पाहावं. मात्र ‘स्टील आहे म्हणजे लोखंड आहे, म्हणजे चालणार’ असं समजू नये. आपल्या स्वयंपाकघरातलं चांगलं मानलं जाणारं स्टील, ज्याला दुकानदार ३०४ म्हणतात, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. उरलेलं जवळपास सगळं लोखंडच, तरी चुंबक त्याला धरत नाही. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते आणि त्या मांडणीत चुंबकत्व नांदत नाही. ४३० जातीच्या स्टीलमध्ये निकेल जवळपास नसतं, त्यामुळे त्याला चुंबक घट्ट बसतं. शिवाय पत्रा दाबून, ताणून पातेल्याचा आकार देताना ३०४ मधले काही स्फटिक चुंबकीय होतात. मग वळणाच्या जागी चुंबक हलकंसं धरतं आणि माणूस फसतो. चाचणी बुडाच्या मधोमध आणि चारी बाजूंना करावी, आणि ‘खट्’ आवाज करून बसलं तरच खरं मानावं. लटपटत धरणाऱ्या पातेल्यावर शेगडी चालली, तरी पूर्ण शक्ती मिळेलच असं नाही.

इथवर फक्त पहिली परीक्षा झाली. बरेच जण इथेच थांबतात आणि मग दूध लागतं.

वेटोळ्याच्या बरोबर मध्यावर बुडातले भोवरा प्रवाह जवळजवळ शून्य असतात. मध्य आणि कड यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात ते सर्वांत जोरात असतात. म्हणजे उष्णता जन्माला येतानाच कड्याच्या आकारात येते. ती पसरवण्याचं काम बुडाचं. आणि स्टील या कामात फार कच्चं आहे. उष्णता वाहून नेण्याची तांब्याची क्षमता ४०० धरली, तर ॲल्युमिनियमची साधारण २३५, लोखंडाची ५० ते ८० आणि ३०४ स्टीलची जेमतेम १६. पातळ स्टीलमध्ये कड्यातली उष्णता कड्यातच अडकते आणि वरचं दूध करपवते.

घरच्या पातेल्याची परीक्षा घ्यायची, तर त्यात पेरभर पाणी घालून शेगडी मोठी करावी आणि वाकून पाहावं. पहिले बुडबुडे कुठे उठतात? पातळ पातेल्यात त्यांचं स्पष्ट वर्तुळ दिसतं, आणि तेच आपल्या वेटोळ्याचं चित्र. जाड पातेल्यात ते तळभर विखुरतात. मी हा प्रयोग घरातल्या पाच भांड्यांवर केला आणि पाचांची पाच वेगळी चित्रं मिळाली.

यावरचा उपाय म्हणजे थरांचं बूड. खाली चुंबकीय स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, आत ३०४. बाहेरचा थर तापतो, मधला पसरवतो आणि आतला आंबट आमटीला दाद देत नाही. तीन धातूंनी कामं वाटून घेतली आहेत, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. हे थर दोन प्रकारे मिळतात. एकात फक्त बुडाला जाड तबकडी जोडलेली असते, दुसऱ्यात सगळं पातेलंच तीन थरांच्या पत्र्याचं असतं. दुसरं महाग. माझं मत असं, की रस्सा आणि पुलावासाठी पहिलं पुरेसं आहे. गॅसवर ज्योत बाजूंना चाटून जाते म्हणून तिथे बाजूंच्या थरांना अर्थ असतो. इंडक्शनवर बाजू तापतच नाहीत, मग तिथे पैसे का घालायचे? कढईत बाजूवर भाजी परतायची असेल, तर गोष्ट वेगळी.

जाडीचा आणखी एक फायदा आकड्यांत पाहू. १८ सेंटिमीटर व्यासाचं, एक मिलिमीटर जाडीचं स्टीलचं बूड साधारण २०० ग्रॅमचं होतं. त्यात १२०० वॅट शक्ती ओतली आणि वर उष्णता शोषायला काही नसलं, तर ते दर सेकंदाला १३ अंशांनी तापतं. चमचाभर तेल पंधरा-वीस सेकंदांत धुरावर येतं, मोहरी काढायला डबा उघडेपर्यंत. त्याच बुडाला चार मिलिमीटर ॲल्युमिनियमची जोड दिली, की हाच वेग साडेतीन अंशांवर येतो. फोडणीला हिंग, हळद, कढीपत्ता सावकाश घालता येतो.

मंद आचेवर तर हे आणखी महत्त्वाचं. स्वस्तातल्या बऱ्याच शेगड्यांना खरी मंद आच करता येत नाही. ३०० वॅटचं बटण दाबलं, की त्या काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद बंद राहतात आणि सरासरी ३०० करतात. पातळ पातेल्यात खीर त्या लयीत उसळते आणि बसते. जाड बूड उष्णता साठवून ही उसळी गिळून टाकतं.

बिडाचं पातेलं चुंबकाला उत्तम धरतं आणि उष्णता भरपूर साठवतं, पण पसरवायला संथ आहे. रिकाम्या, गार बिडावर एकदम मोठी आच दिली, तर एक पट्टा तापतो आणि बाकीचं गार राहतं. अशा ताणाने बीड तडकू शकतं. आधी दहा मिनिटं बारीक आच द्यावी. काचेवर ते सरकवू नये, उचलून ठेवावं.

जुन्या भांड्यांखाली ठेवायच्या लोखंडी चकत्या बाजारात मिळतात. त्या चालतात, पण मग तापते ती चकती आणि आपलं पातेलं पुन्हा तव्यावर ठेवल्यासारखं होतं. इंडक्शनची चपळाई जाते आणि काच विनाकारण फार तापते. आजीचं पातेलं मी त्या वाटेला नेलं नाही.

दुकानात चुंबकासोबत मोजपट्टी न्यावी. पातेल्याचं तोंड मोजू नये, काचेला टेकणारा सपाट भाग मोजावा. तो वेटोळ्याच्या व्यासाइतका किंवा बोटभर मोठा हवा. फार लहान असला तर शेगडीला पातेलं दिसतच नाही. बऱ्याच शेगड्यांची हद्द १० ते १२ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणूनच एका कपाच्या चहाची तपेली ठेवली की त्या ओरडत राहतात. मग पातेलं उलटं करून मोजपट्टीची धार बुडावर आडवी धरावी. मधोमध कागद सरकेल इतकी फट असली, तर ती बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते. धातू तापून फुगला, की बूड सपाट होतं. नाणं सरकत असेल, तर ते पातेलं परत फळीवर ठेवावं. काचेखालचा तापमान मोजणारा संवेदक (सेन्सर) बहुधा बुडाच्या मध्याशीच असतो, आणि बूड वर उचललेलं राहिलं तर त्याला खरी उष्णता उशिरा कळते.