लेक्शनरी : ख्रिस्ती उपासनेतील वाचनमाला

उपासनेच्या वेळी कोणत्या दिवशी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा हे नेमून देणारी सारणी म्हणजे लेक्शनरी. मराठीत तिला वाचनमाला म्हणता येईल. हे उतारे पूर्ण छापलेल्या ग्रंथालाही तेच नाव आहे. प्रवचनकाराच्या आवडीनिवडीवर काही न सोडता ठरावीक मुदतीत शास्त्राचा मोठा भाग मंडळीच्या कानांवर पडावा, हा तिचा हेतू.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये १५७० च्या मिस्साग्रंथानुसार (मिस्सा या मुख्य उपासनेचा ग्रंथ) एका वर्षाची फेरी चाले आणि रविवारी जुना करार फारच क्वचित वाचला जाई. शास्त्राचे भांडार भाविकांना अधिक मोकळ्या हाताने उघडून द्यावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये ठरवले. त्यातून १९६९ ची वाचनमाला आली. तिच्यात रविवारची फेरी तीन वर्षांची आहे : येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. चौथा योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापासूनच्या सात आठवड्यांत, येतो. शिवाय मार्कचे शुभवर्तमान आखूड असल्याने ब वर्षी पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय वाचतात. सनाच्या आकड्याला तीनने भाग गेला की ते क वर्ष. मात्र हे वर्ष जानेवारीत नव्हे, तर आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होते. म्हणून २०२६ चे अ वर्ष ३० नोव्हेंबर २०२५ लाच लागले.

हीच मांडणी पुढे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी आपलीशी केली. तिच्यावरून १९८३ मध्ये सामायिक वाचनमाला तयार झाली आणि १९९२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. चारशे वर्षे एकमेकांपासून दूर राहिलेल्या चर्चमध्ये एकाच रविवारी बहुधा एकच शुभवर्तमान वाचले जाऊ लागले, ही विसाव्या शतकातली फार मोठी गोष्ट आहे. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मात्र आपली सहा वर्षांत फिरणाऱ्या सहा मालिकांची जुनी पद्धत राखली आणि २०१८ मध्ये ती सुधारून घेतली.

ग्रीस, रशिया इत्यादी देशांतल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे चक्र एका वर्षाचे असून ते ईस्टरला सुरू होते. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणापर्यंत योहान आणि त्यानंतर मत्तय असा क्रम असतो. १४ सप्टेंबरचा क्रूसाचा सण झाला की मत्तय कुठेही पोचलेला असो, लूक सुरू करायचा. ही ‘लूकची उडी’ सगळ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या घेत नाहीत. तेरा दिवस मागे चालणारे जुने पंचांग पाळणाऱ्यांकडे तर तोच सण आपल्या २७ सप्टेंबरला येतो. केरळच्या सिरियन परंपरेतील मंडळ्यांची वाचनमाला आणखी वेगळी आहे. त्यांपैकी पोपला मानणाऱ्या सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला, त्यामुळे मुंबई परिसरातही एकाच रविवारी दोन कॅथलिक चर्चमध्ये वेगवेगळी वाचने ऐकू येतात.

संगणकावर वाचनमाला आणायची तर पहिली अडचण तारखेची. पाश्चात्त्य ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला, तर ऑर्थोडॉक्स ईस्टर १२ एप्रिलला. क्रॉसवायर या संस्थेच्या सोर्ड या मोफत बायबल-सॉफ्टवेअर प्रकल्पात रोजच्या वाचनाच्या नोंदी महिना आणि तारीख या खुणेने साठवतात. नाताळला ते चालते, पण ईस्टरवर अवलंबून असलेला राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) दरवर्षी जागा बदलतो. त्यामुळे एकेका वर्षाचा वेगळा संच करावा लागतो. लोगोस या बायबल-अभ्यासाच्या व्यावसायिक प्रणालीत अनेक चर्चच्या वाचनमाला मिळतात. कॅथलिकांसाठी युनिव्हर्सालिस हे संकेतस्थळ आहे. सुधारित सामायिक वाचनमाला अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संकेतस्थळावर दिली आहे. ही साधने प्रामुख्याने इंग्रजी वाचकांसाठी आहेत.

दुसरी अडचण वचनांच्या क्रमांकांची, आणि मराठी वाचकाला ती थेट भिडते. १६ नोव्हेंबर २०२५ चे पहिले वाचन कॅथलिक वाचनमालेत जुन्या करारातील मलाखी ३:१९-२० असे दिले होते. पण प्रोटेस्टंट मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या मराठी बायबलमध्ये मलाखीचा तिसरा अध्याय अठराव्या वचनाला संपतो. एकोणिसावे वचन मागितले तर प्रणाली कोरे पान दाखवते. मजकूर तिथेच आहे, फक्त त्याचा पत्ता ४:१-२ असा आहे. स्तोत्रांचेही असेच : प्रभू माझा मेंढपाळ आहे असे सांगणारे तेविसावे स्तोत्र ग्रीक आणि लॅटिन परंपरेत बाविसावे. मक्काबी, शिराख यांसारखी कॅथलिक बायबलमधली पुस्तके नेमलेली असतील, तर प्रोटेस्टंट आवृत्तीत ती सापडतच नाहीत. म्हणून चांगल्या प्रणालीला वाचनांच्या यादीखेरीज दोन गोष्टी लागतात : ईस्टरचे गणित आणि एका क्रमांकपद्धतीतून दुसरीत नेणारा तक्ता. मराठीसाठी असा तक्ता एकदा नीट बसवला, की मलाखीचे ते कोरे पान भरेल.