रुंद दृश्यासाठी रुंद भिंगच लागते का?

राजहंसगडाच्या तटावरून येळ्ळूरची शिवारे टिपायची तर महागडे वाइड अँगल भिंग आणि तिपाई हवीच, हा बेळगाव भागात वर्षानुवर्षे ऐकू येणारा समज चुकीचा आहे. खिशात मावणारा कॅमेरा उभा धरून ओळीने फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा सुमारे ३० टक्के भाग पुन्हा घेतला, तर ह्यूगिनसारखे मोफत सॉफ्टवेअर ते फोटो नीट जोडून एक रुंद फोटो बनवते. सांधे दिसतात, त्याची कारणे बहुधा वेगळीच असतात: फोटोगणिक एक्स्पोजर (कॅमेरा फोटोसाठी किती प्रकाश घेतो ते) बदलते, म्हणून ते लॉक करावे, शिवाय आपण कॅमेरा हातभर पुढे धरून स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे जवळचा बुरूज दूरच्या टेकडीच्या तुलनेत सरकतो. म्हणून कॅमेरा शक्यतो भिंगाभोवतीच वळवावा. तिपाई खरी उपयोगी पडते ती तटाचे दगड अगदी समोर असताना. मोकळ्या शिवारासाठी हात पुरेसे आहेत.