आठ हजार आरपीएमची ठकठक: पेट्रोलची की बेअरिंगची?

बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतल्या एम-३ मध्ये एस-५४ नावाचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. ३,२४६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९१ मिलिमीटर, आणि रेडलाइन, म्हणजे वेगाची कमाल हद्द, ८,००० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे). हे इंजिन धडधाकट असतानाही गप्प बसत नाही. व्हॉल्व्हची टिकटिक, व्हॅनॉसची (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेची) खडखड, आणि काटा वर चढला की एक खरखरीत, धातूचा सूर. एवढ्या गलक्यात बिघाडाचा आवाज वेगळा काढणं अवघड, त्यात दोन आवाज असे आहेत की अनुभवी माणसंही फसतात. दोन्ही ठोकल्यासारखे येतात आणि गॅरेजमध्ये दोन्हींना नॉकिंगच म्हणतात. पण एक कधी कधी चांगलं पेट्रोल भरल्यावर थांबतो, आणि दुसरा ऐकू आला तर गाडी आहे तिथेच बंद करावी लागते.

पहिला आवाज जळण्यातला. स्पार्क पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. ती पोहोचायच्या आत कडेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा भिंतींवर आदळू लागतात. त्या लाटांची कंपनं बोअरच्या मापावर ठरतात. ८७ मिलिमीटरच्या बोअरमध्ये ती सेकंदाला सहा-साडेसहा हजारांच्या आसपास असतात. म्हणून हा आवाज तीक्ष्ण असतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. शंभर वर्षांपूर्वी यानेच मोटार उद्योगाला हैराण केलं होतं. आरोप आधी अमेरिकी संशोधक चार्ल्स केटरिंगच्या बॅटरी इग्निशनवर (बॅटरीने स्पार्क पाडण्याच्या पद्धतीवर) आला. मग त्याचा सहकारी थॉमस मिजली याने दोष इंधनात असल्याचं दाखवलं आणि १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालण्याचा तोडगा काढला, ज्याचं विष जगाने पुढे कित्येक दशकं श्वासावाटे घेतलं.

दुसरा आवाज यंत्रातला. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या दांड्याला) धरतो तिथे दोन अर्धगोल बेअरिंग असतात, आणि ती व क्रँक यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी फट. त्या फटीतला ऑइलचा पापुद्रा सगळा भार झेलतो. बेअरिंग झिजलं की फट वाढते, ऑइल निसटतं, आणि रॉड क्रँकवर आपटू लागतो. हा ठोका जड आणि बोथट असतो, बॉनेटपेक्षा पायाखालून आल्यासारखा.

यात वेगाचा हिशेब समजून घ्यायलाच हवा. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, त्या क्षणी त्याला खाली ओढायचं काम रॉडचं. हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो: ४,००० वरून ८,००० ला गेलात तर दुप्पट नाही, चौपट. एस-५४ मध्ये ८,००० आरपीएमला पिस्टनचं त्या टोकाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे चार हजार पट भरतं. एग्झॉस्टच्या फेरीत तर पिस्टनवर जळणाऱ्या वायूचा उलटा दाबही नसतो, त्यामुळे सगळी ओढ बेअरिंगच्या खालच्या अर्ध्यावर येते. २००१ ते २००३ च्या सुमाराच्या एम-३ गाड्यांची ही बेअरिंग बीएमडब्ल्यूने मोहीम काढून बदलून दिली आणि त्या इंजिनासाठी १०डब्ल्यू-६० हे दाट ऑइल ठरवलं, त्यामागे हाच ताण आहे. तेच ऑइल थंड असताना फार घट्ट असतं. म्हणून या गाडीच्या टॅकोमीटरवर, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या तबकडीवर, वरच्या आकड्यांपाशी पिवळे दिवे आहेत. ऑइल तापेल तसे ते एकेक विझतात, आणि ते विझेपर्यंत काटा तिथे न्यायचा नाही.

जळण्यातल्या नॉकिंगचं गणित याच्या उलट. कडेच्या मिश्रणाला आपोआप पेटायला थोडा वेळ लागतो. २,००० आरपीएमला क्रँकचे ६० अंश फिरायला ५ मिलिसेकंद मिळतात, ८,००० ला जेमतेम सव्वा. म्हणून घाटात चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला की खडखड येते आणि गिअर उतरवला की जाते. याचा अर्थ वरच्या आरपीएमला नॉकिंग होतच नाही असा मात्र घेऊ नका. खराब पेट्रोल, तापलेली हवा, कुणीतरी लॅपटॉपवरून पुढे सरकवलेलं टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ), यांपैकी काहीही असलं तर ते होतं, आणि तेव्हा इंजिनाच्या गर्जनेत ऐकू येत नाही. मला याचीच जास्त धास्ती वाटते. एस-५४ चं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ११.५ ला १ आहे, ते ९८ ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची ताकद) धरून बनवलेलं. आपल्याकडे बीएस-६ च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेनची अट ठरली होती. १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० इंडियन ऑइलने २०२० मध्ये आणलं, तेही मोजक्याच पंपांवर.

मग ओळखायचं कसं? आवाजाच्या पोतावर जाऊ नका, कान फसतो. आवाज कधी येतो ते बघा. गाडी गिअरमध्ये असताना वरच्या आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की आजकालच्या इंजिनात इंजेक्टर पेट्रोल तोडतात. सिलिंडरमध्ये जळायलाच काही नाही, तर जळण्याचं नॉकिंग कुठून येणार? काटा खाली येत असताना, विशेषतः साडेतीन हजार ते दोन हजारांच्या पट्ट्यात ठकठक ऐकू आली, तर ती यंत्राची आहे. (सायलेन्सरमधून मागे येणारे फटाके वेगळे, ते उरलेलं इंधन एग्झॉस्टमध्ये पेटल्याचे.) उलट आवाज फक्त भाराखाली, ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाच येत असेल आणि चांगल्या पेट्रोलने कमी होत असेल, तर संशय जळण्यावर.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पूर्ण विसंबू नये. नॉक सेन्सर ब्लॉकला बोल्टने आवळलेला असतो आणि तो फक्त कंपनं ऐकतो. बेअरिंगचे ठोके, कधी सैल झालेला पत्रासुद्धा त्याला नॉकिंग वाटू शकतो. मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग मागे घेतो, गाडीचा दम जातो, आणि मालक पेट्रोलपंप बदलत बसतो. दोन्ही आवाज एकत्रही येऊ शकतात. जळण्याचे धक्के बराच काळ बसत राहिले तर बेअरिंगचा वरचा अर्धा ठोकून निघतो, म्हणजे पहिल्याकडे केलेलं दुर्लक्ष दुसऱ्यापर्यंत पोचतं.

चुकीचा गिअर पडला असेल तर आणखी सावध राहा. पाचव्यातून चौथ्यात येताना हात डावीकडे जास्त गेला आणि दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला रेडलाइनच्या पलीकडे फिरवतात. रेव्ह लिमिटर (आरपीएमला हद्द घालणारी यंत्रणा) पेट्रोल तोडू शकतो, चाकं नाही थांबवू शकत. त्यानंतर आलेली ठकठक पेट्रोलवर ढकलू नका.

बेअरिंगचा संशय असला तर खात्रीसाठी पुन्हा रेव्ह मारून बघू नका आणि मेकॅनिकला ऐकवायला गाडी चालवत नेऊ नका. टो करून न्या. गॅरेजमध्ये आधी ऑइल फिल्टर कापायला सांगा. घड्या उलगडून उजेडात धरल्या की चकाकणारे कण दिसतात. लोहचुंबक फिरवा: लोखंडाचे कण चिकटतात, बेअरिंगच्या थरातलं तांबं आणि शिसं चिकटत नाही. मग ऑइल प्रेशर मोजायचं आणि ऑइल पॅन उतरवायचा. क्रँकवर ओरखडा नसेल तर नवी बेअरिंग बसवून काम भागतं. बेअरिंग जागेवरून फिरलं असेल तर क्रँक आणि रॉड दोन्ही बाहेर काढावे लागतात.