अतिसंवाहकांचे लष्करी उपयोग

ठरावीक तापमानाखाली विद्युतरोध पूर्णपणे नाहीसा होणाऱ्या पदार्थांचा संरक्षणासाठी होणारा वापर व त्यासंबंधीचे संशोधन. हाइके कामरलिंग ओनेस यांना १९११ मध्ये लायडन येथे हा गुणधर्म पाऱ्यात आढळला, तोही उणे २६९ अंश सेल्सिअसला. लष्करी प्रयत्नांचे घोडे आजवर बहुधा या थंडाव्यापाशीच अडले आहे.

असा थंडावा सांगली जिल्ह्याला नवा नाही. मिरजेच्या रुग्णालयांतील १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) एमआरआय यंत्राचे चुंबक नायोबियम-टायटेनियमच्या तारेचे असते आणि ते द्रव हीलियमने थंड ठेवतात. गावोगाव गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा येतात त्या द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून, उणे १९६ अंशांवर. १९८७ मध्ये सापडलेले यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड या नायट्रोजनच्या थंडीतही अतिसंवाहक असते. नौदलांना या विषयात खरा रस वाटू लागला तो अशा पदार्थांमुळे.

सर्वांत ठोस उपयोग मात्र शस्त्राचा नाही, लपण्याचा आहे. जहाजाच्या पोलादी सांगाड्यामुळे भोवतीचे भूचुंबकीय क्षेत्र बिघडते आणि चुंबकीय सुरुंग नेमके तेच हेरतात. म्हणून जहाजभर तांब्याच्या जाड केबली फिरवून, त्यांत उलट क्षेत्र निर्माण करणारा प्रवाह सोडतात. या केबलींचे वजन अफाट होते. अतिसंवाहक केबल तेच काम फार कमी वजनात करते. अमेरिकन नौदलाने २००८ मध्ये यूएसएस हिगिन्स या विनाशिकेवर ती बसवून पाहिली. पुढे यूएसएस फोर्ट लॉडरडेलवर अशी यंत्रणा आली.

जहाज चालवणाऱ्या मोटारीचे तसे झाले नाही. ३६.५ मेगावॉटची अतिसंवाहक मोटार २००९ मध्ये फिलाडेल्फिया येथे पूर्ण शक्तीवर चालली. आकाराने ती नेहमीच्या मोटारीच्या निम्म्याहून लहान होती, तरीही अमेरिकेच्या झुमवॉल्ट विनाशिकांसाठी साध्या प्रवर्तन मोटारीच घेतल्या गेल्या. पाणबुडी शोधण्यासाठी स्क्विड हा अतिसूक्ष्म चुंबकमापक सुचवला जातो. पण तो बसवलेले विमान हलले की भूचुंबकीय क्षेत्राचाच गोंगाट त्यात शिरतो. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या ‘स्टार वॉर्स’ या क्षेपणास्त्रविरोधी कार्यक्रमात लेसरसाठी अतिसंवाहक कुंडलांत ऊर्जा साठवण्याची कल्पना होती. ती कागदाच्या फारशी पुढे गेली नाही.

भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्यातील क्वांटम प्रयोगशाळेने टाटा मूलभूत संशोधन संस्थेसोबत सहा क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक) अतिसंवाहक प्रोसेसर तयार केला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. असे प्रोसेसर निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, अगदी जवळ ठेवावे लागतात, आणि लष्कराला त्यांत रस आहे तो मुख्यतः सांकेतिक संदेश उलगडण्यापायी.